झोटेरोबिब: संदर्भसूचीसाठी उत्तम, पण नोंदी तपासूनच घ्या

एपीए, एमएलए किंवा शिकागो या संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतींपैकी एकीत संदर्भसूची हवी असेल, तर मोफत साधनांत झोटेरोबिब आम्ही सगळ्यात वर ठेवू. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनीच ते २०१८ मध्ये आणलं. लॉगिन नाही, जाहिराती नाहीत आणि शैली दहा हजारांच्या वर.

झेडबिब डॉट ऑर्ग उघडा, डीओआय (शोधलेखाचा कायमचा ओळखक्रमांक), आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) किंवा लिंक टाका, नोंद तयार. डीओआय असेल तर लिंक टाकूच नका. डीओआयवर प्रकाशकानं स्वतः भरलेली माहिती येते, त्यामुळे खंड, अंक, पृष्ठं सहसा जागच्या जागी असतात. बातमीची लिंक टाकली की मात्र घोळ होतो. बायलाइन, म्हणजे बातमीवरचं लेखकाचं नाव, 'ऑनलाइन टीम' असेल, तर 'टीम' हे आडनाव धरलं जातं आणि सूचीत 'टीम, ऑनलाइन' नावाचे लेखक उगवतात. नोंदीवर क्लिक करून असं नाव एकाच रकान्यात भरावं.

एपीए निवडल्यावर इंग्रजी शीर्षकांतली मोठी अक्षरं लहान करू का, असं विचारलं जातं. हो म्हणा, पण नंतर प्रत्येक शीर्षक वाचा. विशेषनामांचं पहिलं अक्षरही त्यात लहान होऊ शकतं.

मराठी पुस्तकांसाठी आयएसबीएनच्या भरवशावर राहू नका. पुष्कळदा काहीच सापडत नाही, किंवा ग्रंथालयाच्या तालिकेतून रोमन लिपीतली नोंद येते. सरळ हातानं भरा, आडनाव वेगळ्या रकान्यात. इंग्रजी एपीएमध्ये दोन मराठी लेखकांच्या मध्येही '&' येतो; तिथे 'आणि' वर्डमध्ये करावं लागतं. म्हणून मराठी संदर्भांची यादी वेगळीच बनवलेली बरी.

यादी ब्राउझरमध्येच साठते. कॉलेजच्या संगणकावर कुणी ब्राउझरचा डेटा पुसला, तर सगळं गेलं. उठण्यापूर्वी यादीची लिंक बनवून स्वतःला मेल करा. ती लिंक त्या क्षणाची प्रत असते. नंतर भर घातली तर नवी लिंक घ्यायची.

तीस-चाळीस संदर्भांच्या निबंधाला हे पुरेसं आहे. पीएचडीला नाही, कारण हे वर्डशी जोडलेलं नसतं. व्हँकुव्हरसारख्या क्रमांकाच्या शैलीत मध्येच एक संदर्भ घुसवला, की पुढचे सगळे आकडे हातानं बदलावे लागतात. त्यासाठी वर्डच्या प्लगइनसह पूर्ण झोटेरोच घ्यावं. तेही मोफत आहे. आणि नियमाबद्दलच शंका असेल, तर पर्ड्यू विद्यापीठाचं 'आऊल' हे लेखनाच्या नियमांचं संकेतस्थळ उघडा, तिथे उदाहरणांसह उत्तर मिळतं.