निन्टेन्डो 64 साठी घेतलेला नवा कंट्रोलर: सात महिन्यांनंतर

जानेवारीत माझ्या निन्टेन्डो 64 या जुन्या गेम कन्सोलच्या मूळ कंट्रोलरची स्टिक (अंगठ्याने ढकलायची दांडी) पार ढिली पडली. उघडून पाहिलं तर आत पांढरी भुकटी. स्टिकचं बूड प्लास्टिकच्या वाटीत वर्षानुवर्षं घासत राहिलं की हेच होतं. हालचाल मोजणाऱ्या खाचांच्या दोन चकत्या आणि त्यांचे इन्फ्रारेड सेन्सर ठणठणीत होते, झिजलं होतं ते फक्त प्लास्टिक. मामाने 1998 साली अमेरिकेहून आणलेला कन्सोल 110 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर आजही चालतो, आणि एवढ्याशा झिजेपायी तो कपाटात ठेवायचा, हे मनाला पटेना. म्हणून परदेशातून हा मागवला. कंट्रोलर 3,600 चा, वर कस्टम आणि कुरिअरचे 1,900. पदरचे साडेपाच हजार गेलेत, त्यामुळे बारकाईने लिहितोय.

बांधणीबद्दल तक्रार नाही. तीन मुठींऐवजी दोन केल्यात आणि झेड बटण दोन्ही बाजूंना मागे दिलंय, त्यामुळे हात कुठे धरायचा हा प्रश्नच मिटला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीलाही तो नीट धरता येतो. जुना रंबल पॅक, म्हणजे कंट्रोलर थरथरवणारा जोड, बसतो आणि चालतो. स्टिक हॉल इफेक्टची, म्हणजे चुंबक आणि सेन्सर. मोजणाऱ्या भागात काही घासतच नाही, तेव्हा तिथे झिजायलाही काही नाही.

पण तीच स्टिक मला दोन महिने छळत होती.

सुपर मारिओ 64 मधल्या व्हॉम्प्स फोर्ट्रेसमध्ये झोपलेली पिरान्हा रोपं आहेत. त्यांच्याजवळून चवड्यांवर जायचं, स्टिक अगदी किंचित ढकलून. जोरात गेलात की रोप जागं होतं आणि चावतं. जुन्या कंट्रोलरवर हे माझ्या अंगठ्याला पाठ होतं. नव्यावर मारिओ एकतर उभा राहायचा, नाहीतर धावत सुटायचा. रोज रात्री तेच रोप, रोज तोच चावा. मुलगी म्हणायची, ‘बाबा, दुसरा गेम लावा ना.’ मला मात्र ते रोप सोडवेना.

विक्रेत्याला मेल केला. उत्तर आलं, ‘स्टिक ठरलेल्या मर्यादेत आहे.’ दुसऱ्या मेललाही शब्दन् शब्द तेच उत्तर. मग स्टिक कन्सोलला जे आकडे पाठवते, ते मी स्वतःच वाचून बघितले. मूळ स्टिक टोकापर्यंत ढकलली तरी साधारण 80 पर्यंतच आकडा पाठवते, जरी त्या आकड्यासाठी 127 पर्यंत जागा आहे. गेम त्याच हिशेबाने लिहिलेले आहेत. मारिओ 64 तर 64 च्या वरचं काही धरतच नाही. हा कंट्रोलर थेट 127 पर्यंत जातो. म्हणजे स्टिक निम्मी कलली की मारिओ पूर्ण वेगात, आणि हळू चालण्यासाठी अंगठ्याला जागाच उरत नाही.

हे आकडे जोडून तिसरा मेल टाकला. या वेळी डिझाइन करणाऱ्यांपैकीच कोणीतरी उत्तर दिलं: स्टार्ट आणि डी-पॅडचं (अधिक चिन्हासारख्या दिशा-बटणाचं) डावं बटण तीन सेकंद दाबून धरा, मूळ रेंज चालू होते. केलं. मारिओ चवड्यांवर गेला, रोप घोरत राहिलं. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मार्चमध्ये हा रिव्ह्यू लिहिला असता तर ‘घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं. आता ते म्हणणार नाही. पण मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही, आणि ज्याने दोन मेलनंतर नाद सोडला असेल त्याचे पैसे पाण्यात गेले. हा राग अजून आहे.

एक गोष्ट मात्र बटणं दाबून सुटत नाही. मूळ स्टिकभोवतीचं कडं अष्टकोनी आहे. सरळ किंवा तिरकं जायचं तर स्टिक कोपऱ्यात टेकवायची, ती तिथे घट्ट बसते. यांनी कडं गोल केलंय. अरुंद फळीवरून सरळ चालताना अंगठा नकळत सरकतो आणि मारिओ खाली. अष्टकोनी कडं नक्षीसाठी नव्हतं, नव्याने डिझाइन करणाऱ्याला हे कळायलाच हवं होतं.

शेवटी मी 3डी प्रिंटवाल्याकडून अष्टकोनी रिंग करून घेतली, 150 रुपयांत. पहिल्या दोन घट्ट झाल्या, तिसरी कानशीने घासून बसवली. फळी आता दहापैकी नऊ वेळा पार होते. रिंगची मापं कंपनीला पाठवलीत. पुढच्या साच्यात त्यांनी ती घातली, तर मुलीसाठी दुसरा कंट्रोलर याच कंपनीचा घेईन.