पिशवीच्या तोंडाला गाठी म्हणले अन् पिशवीच काढून टाकली

आमच्या वहिनीला अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची, म्हणून दादानं तिला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी केली, डॉक्टरनं स्क्रीनवर काळे काळे गोल दाखवले अन् म्हणला, पिशवीच्या तोंडाला गाठी झाल्यात, कॅन्सर व्हायला वेळ लागणार नाही, लेकरं झालीत ना, मग कशाला ठेवता. पॅप टेस्ट, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी पुसून घेऊन तपासतात ती, नाही, तुकडा काढून तपासणी नाही, काहीच नाही. कॅन्सरचं नाव ऐकल्यावर माणूस काय करंल, दादानं मुकादमाकडून उचल घेतली, 42 हजार भरले अन् तिसऱ्या दिवशी पिशवी काढली, अंडाशयासकट. वहिनी 31 वर्षाची.

उन्हाळ्यात मी माहेरी गेले तवा पेटीतली फाइल काढून बघितली. सोनोग्राफीच्या कागदावर आधीपासूनच लिहिलेलं होतं, नाबोथियन सिस्ट, म्हणजे पिशवीच्या तोंडावरचे पाण्याचे साधे फोड. मागं ऑपरेशननंतरचा लॅबचा रिपोर्ट स्टेपल केलेला, त्यात कॅन्सर नाही असं इंग्रजीत साफ लिहिलेलं, ते पान आम्हाला कुणी वाचून दाखवलंच नाही.

फाइल घेऊन संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलला गेलो. तिथल्या मॅडमनी नीट समजून सांगितलं, पिशवीच्या तोंडाला चिकट पाणी करणाऱ्या ग्रंथी असतात, बाळंतपणानंतर कधी त्यांचं तोंड बुजतं, पाणी आत साचतं अन् फोडासारखं दिसतं, लई बायांना असतं, बहुतेक वेळा औषधसुद्धा लागत नाही. गरोदरपणात नाहीतर पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी ग्रंथी दाट होतात, ते तर मायक्रोस्कोपखाली कधीकधी कॅन्सरसारखं वाटतं, तवा तुकड्याला पी16, केआय-67 नावाच्या तपासणीचे रंग देऊन कॅन्सर आहे का नाही याची खात्री करतात. म्हणजे शंका आली तरी तपासायची सोय आहे! वहिनीनं तिथंच विचारलं, मग मला काहीच नव्हतं का? मॅडम गप्प बसल्या.

बीडमधी 2019 ला सरकारी समितीनं 82 हजार ऊसतोड बायांची माहिती घेतली तर 13 हजारावर बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. एवढं होऊन पण आमच्याकडं तीच भीती घालायलेत.

बायांनो, संबंधानंतर रक्त जात असंल, पाळी बंद झाल्यावर रक्त दिसलं, घाण वास येत असंल तर अंगावर काढू नका, लगेच दाखवा. पण ऑपरेशनच्या कागदावर सही करायच्या आधी तुकड्याचा रिपोर्ट हातात घ्या, तुकड्याच्या काचपट्ट्या अन् ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, मागून घेऊन दुसरीकडं दाखवा, देत नाही म्हणला तर तिथून उठा.

वहिनीला आता रात्री अंगातून वाफा निघतात, मग उठून अंगणात बसती. उचल अजून फिटली नाही, औंदा परत कोयता घेऊन जायचंय तिला.