रोटरमधला व्हॉल्व्ह : दुरुस्त करावा की पूर्ण संच बदलावा?

बुडातच व्हॉल्व्ह असलेला रोटर (हिरवळीत पुरलेला, फिरत पाणी फवारणारा फवारा) पाणी बंद केल्यावरही गळू लागला, की सोसायटीपुढे दोन पर्याय येतात: व्हॉल्व्ह काढून धुणे व रबरी भाग बदलणे, किंवा व्हॉल्व्हचा पूर्ण संच नवा घालणे. पुण्यात अनेक सोसायट्यांची हिरवळ एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) पाण्यावर असते, आणि त्यातला बारीक गाळ व्हॉल्व्हच्या बैठकीवर (बंद होताना रबर जिथे टेकते तिथे) किंवा सोलेनॉइडकडे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विजेच्या कॉइलकडे) जाणाऱ्या अरुंद वाटेत अडकतो. म्हणून माझा कौल आधी दुरुस्तीला आहे. मात्र रोटरच्या बुडात व्हॉल्व्ह नसून अनेक रोटर एकाच वेगळ्या व्हॉल्व्हवर चालत असतील, उतारावरचा सर्वांत खालचा रोटरच गळत असेल आणि थोड्या वेळाने आपोआप थांबत असेल, तर ते बहुधा नळीत उरलेले पाणी असते. अशा वेळी व्हॉल्व्ह खोलण्याचे कारण नाही.

दुरुस्तीत जाळी, ओ-रिंग आणि बैठकीचे रबर एवढ्यावर भागते. व्हॉल्व्ह उघडतच नसेल, तर आधी 24 व्होल्टचे सोलेनॉइड मीटरने तपासावे, कारण कॉइल जळाली असल्यास बऱ्याच बनावटींत तेवढीच बदलता येते. बैठकीवर चर पडली असेल किंवा प्लॅस्टिकला तडा गेला असेल, तर मात्र नवे रबर घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे; तिथे संचच बदलावा आणि तो त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्यावा.

धोका दोन्हींत सारखाच आहे, आणि माळ्याला तो सहसा कोणी समजावून सांगत नाही. रोटरच्या सात सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर, दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाब असताना, सुमारे 190 किलो भार असतो. तो अडवून धरते ती एक सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी. पंप बंद केला म्हणजे दाब गेला असे नव्हे, कारण एनआरव्हीमुळे (पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हमुळे) आणि नळीत कोंडलेल्या हवेमुळे तो तसाच राहतो. त्या फांदीचा (रोटरला पाणी देणाऱ्या उपनळीचा) कॉक बंद करावा, कंट्रोलरची (रोटर ठरल्या वेळी चालू-बंद करणाऱ्या यंत्राची) वीज तोडावी, रोटरवरचा स्क्रू ‘चालू’वर फिरवून पाणी पूर्ण पडू द्यावे, आणि तो रोटर उघडत नसेल तर त्याच फांदीवरचा शेजारचा उघडावा. त्यानंतरच आधी आतली यंत्रणा आणि मग सर्क्लिप प्लायरने खालची सर्क्लिप काढावी. आपला चेहरा रोटरच्या वर कधीही आणू नये. स्क्रू-ड्रायव्हरने सर्क्लिप उचकटण्याची सवयही सोडावी, कारण प्लायर नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत सहज मिळते. बसवताना खाचेतली माती पुसून सर्क्लिप सगळीकडे नीट बसली आहे का, ते बोटाने चाचपावे आणि कॉक हळूहळू, रोटरपासून दूर उभे राहून उघडावा.

एकाच मॉडेलचे बरेच रोटर असतील, तर एक संच हाताशी ठेवावा: मैदानात तो बसवून टाकायचा आणि काढलेला व्हॉल्व्ह सावकाश टेबलावर दुरुस्त करायचा. पावसाळ्यात यंत्रणा बंदच असल्याने हे काम सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरचे ऊन सुरू होण्यापूर्वी, उरकून घेणे सोयीचे.