इस्पितळाची फोनवरून समुपदेशन सेवा: चार तारे

एप्रिलमध्ये अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. घरी सोडताना इस्पितळाने व्यायामाच्या सल्ल्याची ही सेवा गळ्यात मारली. तीन महिने, आठवड्याला एक फोन, पंधराशे रुपये. पैसे मुलाने भरले. मी पोळीभाजी केंद्र चालवते, सकाळी सहापासून ओट्याशी उभी. मला कसला व्यायाम शिकवताय?

पहिले दोन फोन लोनवाल्यांचे समजून कापले. तिसरा उचलला. पलीकडे फिजिओथेरपिस्ट मुलगी. उपदेश नाही, नुसती विचारत होती. जिने किती चढता, बाहेर कितीदा पडता, चालताना भीती कशाची वाटते? हे शेवटचं मला कुणीच विचारलं नव्हतं. रस्त्यातच काही झालं तर, या धास्तीने मी सारसबागेपर्यंतसुद्धा रिक्षा करत होते.

"काकू, उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे," ती म्हणाली. सुरुवात गल्लीतच, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. जेवल्यावर लगेच नाही. वेगाची खूण सोपी: बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येत असेल तर जरा पाय उचला. छातीत दुखलं तर थांबायचं, सॉर्बिट्रेटची जिभेखाली ठेवायची गोळी जवळ हवीच. नातीने हौसेने हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ आणलं, पण चालताना त्यात ठोके काही वाढेनात. मी घाबरले. फोनवरची मुलगी म्हणाली, तुम्ही मेटोप्रोलॉल घेता, त्याने ठोके कमीच राहतात, आकड्याच्या मागे लागू नका.

आता अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. म्हणजे १५० मिनिटं.

तक्रारी आहेत. फोन अकरा वाजता, ऐन डबे भरायच्या वेळी. तो चारला करून घ्यायला तीन आठवडे गेले. सातव्या आठवड्यात भलतीच कुणी आली आणि कागदावरचं वाचत सुटली. सिगारेट ओढता का, हे दोनदा विचारलं! गुडघा दुखायला लागला तेव्हा मात्र फोनचा उपयोग नाही. मी कशी चालते ते माझ्या नेहमीच्या मुलीला दिसणार कसं? तिनेच सरळ ओपीडीत पाठवलं, ते बरं केलं.

शेवटच्या फोनवर मी पर्वतीचं विचारलं. १०३ पायऱ्या आहेत. ती म्हणाली, आधी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती, मग डॉक्टर हो म्हणाले तर. टेस्ट मंगळवारी आहे.

पाचवा तारा त्या सिगारेटवालीने घालवला.