गोऱ्या त्वचेचे फाउंडेशन आणि फ्लॅशचे फोटो : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात लातूरला माझ्या चुलत बहिणीचे लग्न झाले. अल्बम आला तेव्हा दिवसाउजेडी मंडपात काढलेल्या फोटोंत माझा चेहरा व्यवस्थित होता. रात्री फ्लॅश मारून काढलेल्या प्रत्येक फोटोत मात्र कपाळ, नाक आणि डोळ्यांखालचा भाग चुना फासल्यासारखा पांढरा आणि मान मूळ रंगाची दिसत होती. ते क्षण पुन्हा येणार नव्हते, याचे फार वाईट वाटले.

कारण फाउंडेशनमध्येच होते. त्यावर एसपीएफ ३० (एसपीएफ म्हणजे उन्हापासून मिळणाऱ्या संरक्षणाचे माप) असे लिहिलेले होते आणि ते संरक्षण टायटॅनियम डायऑक्साइड व झिंक ऑक्साइड यांच्या पांढऱ्या कणांतून मिळत होते. हे कण प्रकाश परतवतात आणि फ्लॅश लेन्सला लागूनच असल्याने तो उजेड सरळ लेन्समध्ये परत येतो. वरून लावलेली सिलिकाची बिनरंगी पावडर आरशात दिसली नाही, फोटोत मात्र तिने भर घातली. गोऱ्या त्वचेची अडचण अशी की, फिक्या शेडमध्ये मुळातच टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असते. खोक्यावर ते ‘सीआय ७७८९१’ या क्रमांकानेही छापतात. ते पूर्ण टाळणे अवघड. एसपीएफसाठी घातलेला जादा भाग टाळता येतो.

म्हणून सप्टेंबरमध्ये मी एसपीएफ नसलेले, पिवळसर झाकेचे, ३० मिलीचे पातळ फाउंडेशन घेतले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रत्येकीचे शेड क्रमांक वेगळे असतात. पूर्वी मी सर्वांत फिकी शेड घेत असे. या वेळी एक पायरी गडद घेतली. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेतल्या दुकानात जबड्याच्या कडेला, मानेपर्यंत ओढून एक रेघ लावली आणि वीस मिनिटे बाहेर उन्हात फिरून आले, कारण काही फाउंडेशन वाळल्यावर गडद होतात. रेघ दिसेनाशी झाली, तेव्हाच बाटली घेतली. घरी खोलीतला दिवा मालवून बहिणीकडून हातभर अंतरावरून मोबाइलच्या फ्लॅशने फोटो काढवला. चेहरा, मान आणि गळा एकाच रंगाचे आले. ही चाचणी समारंभाच्या किमान दोन दिवस आधी कराच.

ओल्या स्पंजने अगदी पातळ थर देते आणि रंग असलेली दाबलेली पावडर फक्त नाकाच्या बाजूंना व हनुवटीवर लावते. फेब्रुवारीतल्या साखरपुड्यात नाकाजवळची लाली किंचित दिसली, पण चेहरा माझाच दिसला, आणि मला हवे होते ते एवढेच.

उणिवा आहेत. एसपीएफ नसल्याने दुपारच्या लग्नात आत वेगळे सनस्क्रीन लावावे लागते. तेही पांढरी झाक न सोडणारे हवे, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात तीन तासांत नाकाच्या कडेचा थर सुटतो. अशा वेळी मी पुन्हा पावडर थापत नाही. टिश्यूने घाम टिपते आणि बोटाने थर सारखा करते.

बाटलीवर उघड्या डबीच्या चिन्हात ‘१२ एम’ असे छापले आहे, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. तळाशी अजून तिसरा हिस्सा शिल्लक आहे; सप्टेंबरमध्ये उरलेले टाकून हीच शेड पुन्हा घेणार आहे.