मुलांना प्राण्यांची काळजी शिकवताना: गोल्डफिशचा बाउल की पक्ष्यांसाठी पाणी?

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी बरेच पालक गोल्डफिश आणतात. छोट्या गोल बाउलला फिल्टर नसतो. विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया साठतो, माशाचे कल्ले जळतात. त्यात मूल प्रेमापोटी चिमटीऐवजी मूठभर खाद्य टाकतं. मासा मेला तरी का, ते त्याला कळत नाही.

गॅलरीतलं पसरट मातीचं भांडं कितीतरी बरं. पाणी २-३ सेंटिमीटरच, मध्ये खडबडीत दगड, जागा सावलीची, मांजराच्या झेपेबाहेरची. रोज सकाळी मुलानेच जुनं पाणी ओतावं, भांडं काथ्याने घासून (साबण नको) पुन्हा भरावं, मग हात धुवावेत. आठवडाभर पाणी बदललं नाही, तर डासांच्या अळ्या होतात. शिवाय पक्षी हाताळता येत नाही, लांबूनच बघावा लागतो. हे शिकणं फार मोलाचं.

मासाच हवा असेल, तर फिल्टरची मोठी टाकी घ्या आणि पाणी मोठ्यांनीच बदला.