उताराची आखूड धावपट्टी: सुपर कब घ्यावं की सेस्ना १८२?

अमेरिकेत खासगी वैमानिकाचं लायसन्स असलेल्या मराठी मंडळींना कधी ना कधी एखाद्या शेतातली, टेकडीच्या उतारावरची गवताळ पट्टी वापरायला मिळते. मग विमान घ्यायची वेळ आली की चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते: पायपर पीए-१८-१५० सुपर कब आणि सेस्ना १८२. कब म्हणजे पुढे-मागे दोन जागा, १५० अश्वशक्ती, शेपटीला चाक, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड. १८२ म्हणजे चार जागा, २३० अश्वशक्ती, नाकाखाली चाक, सगळं ॲल्युमिनियम. इथले आकडे १९७२ ते १९७६ च्या १८२पी मॉडेलचे आहेत.

निवड करताना बहुतेक जण एकच विचारतात, इथे उतरता येईल का? उतरणं हा त्यातला सोपा भाग आहे. चढावर उतरायचं आणि उतारावरून उडायचं ही रीत जगभर चालते, कारण उतरताना चढ ब्रेकचं काम करतो. फ्रान्समधल्या कुर्शवेलची पट्टी ५३७ मीटर आणि चढ सुमारे १८.५ टक्के. नेपाळमधल्या लुक्लाची ५२७ मीटर आणि ११.७ टक्के. खासगी पट्ट्या सहसा यापेक्षा खूप सौम्य असतात, तरी चार-पाच टक्के चढसुद्धा विमान चटकन थांबवतो. घात होतो तो आत येऊन बसलेलं विमान दुपारच्या उन्हात, भरल्या टाकीनं बाहेर काढताना. म्हणून आधी उड्डाणाचं गणित करावं.

उदाहरण म्हणून एक पट्टी घेऊ: लांबी १,५०० फूट, दोन टोकांच्या उंचीत ६० फुटांचा फरक, म्हणजे उतार ४ टक्के. उंची समुद्रसपाटीपासून ३,००० फूट, तापमान २५ अंश, गवत कोरडं, खालचं टोक मोकळं. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने छोट्या विमानांसाठी दिलेले गुणक अशा वेळी फार कामाचे आहेत: दर १,००० फूट उंचीला १.१, दर १० अंश जादा तापमानाला १.१, कोरड्या गवताला १.२, ओल्या गवताला १.३, आणि या सगळ्यावर सुरक्षेचा १.३३. गुणक एकमेकांत गुणायचे असतात. बेरीज केली की उत्तर फसवं येतं.

३,००० फुटांवर प्रमाणित तापमान ९ अंश, म्हणजे आपण १६ अंश वर आहोत. गुणाकार करत गेलं की सुरक्षेचा गुणक धरायच्या आधीच १.८६ येतात. समुद्रसपाटीवर, पूर्ण वजनावर, ५० फुटांचा अडथळा ओलांडायला कबला उत्पादकाच्या पुस्तकाप्रमाणे ५०० फूट लागतात. आपल्या पट्टीवर ते होतात ९३० आणि सुरक्षेसह सुमारे १,२४०. १,५०० फुटांत बसलं. १८२ चे १,३५० फूट होतात २,५१०, सुरक्षेसह ३,३४०. म्हणजे पट्टीच्या दुपटीहून जास्त.

यावर १८२ वाले म्हणतात, टोकाला अडथळाच नाही, नुसती धाव, म्हणजे चाकं सुटेपर्यंतचं अंतर बघा. पुस्तकातली धाव ७०५ फूट, गुणून १,३१०. बसते खरी, पण दोन गोष्टी विसरू नयेत. गवताचा सगळा तोटा चाकं जमिनीवर असतानाच होतो, तेव्हा अडथळ्यापर्यंतच्या अंतराचा १.२ हा गुणक नुसत्या धावेला कमीच पडतो. आणि उरलेल्या १९० फुटांत सुरक्षा म्हणून काहीच राहत नाही. १८२ मध्ये दोघेच बसले, टाकी अर्धी ठेवली आणि वजन २,९५० पौंडांवरून २,४०० वर आणलं, तर धाव ९०० फुटांच्या आसपास येते. मग मोकळ्या टोकाच्या पट्टीवर १८२ समंजसपणे वापरता येतं. पण तेव्हा ते दोन माणसांचंच विमान झालेलं असतं, हे घेतानाच मनाशी पक्कं करावं.

या गणितात उताराचा फायदा मुद्दाम धरलेला नाही. तो शिल्लक म्हणून ठेवायचा, खर्चायचा नाही. उलट दिशेने, चढावर उडायचं झालं तर दर २ टक्क्यांना १० टक्के अंतर वाढतं, पण हा नियम सौम्य चढापुरताच. छोट्या विमानाचा धावतानाचा सरासरी वेग-वाढीचा दर गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्शाइतका असतो. १० टक्के चढ त्यातला निम्मा खातो, आणि धाव थेट दुप्पट होते.

वाऱ्याच्या बाबतीत कब मार खातं. उड्डाणाच्या वेगाच्या १० टक्के इतका मागचा वारा असेल तर अंतर २० टक्क्यांनी वाढतं. १८२ साधारण ५५-६० नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) उचलतं, म्हणजे ६ नॉटचा मागचा वारा ४ टक्के उताराचा फायदा पुसून टाकतो. कब ४० च्या आसपास उचलतं, त्याला ४ नॉट पुरतात. हळू उडणं हेच कबचं बळ, पण वारा मागून आला की त्याच गुणाची किंमत मोजावी लागते. डोंगरउतारावर पहाटेची थंड हवा खाली वाहते आणि ती नेमकी उतारावरून उडणाऱ्याच्या पाठीशी येते. वारा पडलाय असं वाटलं तरी पट्टीच्या दोन्ही टोकांना कापडाची पट्टी बांधून बघावी. वरच्या आणि खालच्या टोकाचा वारा बरेचदा वेगळा असतो.

आता उतरण्याकडे. चढाची पट्टी समोर आली की डोळे फसतात. आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असं वाटतं, वैमानिक नकळत खाली येतो आणि पट्टीच्या अलीकडे टेकण्याचा धोका निर्माण होतो. हे दोन्ही विमानांना सारखंच. फरक पडतो शेवटच्या दहा फुटांत. ८ टक्के चढ म्हणजे साडेचार अंश. खाली येणाऱ्या विमानाला आडवं करून थांबायचं नसतं, त्याहून पुढे जाऊन जमिनीला समांतर, म्हणजे वर चढत्या रेषेत आणायचं असतं. १८२ नाकाला जड आहे. पुढे दोघे, मागे कोणी नाही, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेची खाली वळणारी झडप, पूर्ण ४० अंश आणि थ्रॉटल बंद अशी जुळणी झाली की स्टिअरिंग पोटापर्यंत ओढूनही नाक पुरेसं उठत नाही. पुढचं चाक आधी आपटतं. ते ज्या फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला, जोडलेलं आहे तिचा पत्रा चुरगळतो, आणि त्या दुरुस्तीचा खर्च पाहून लोक विमान विकायला काढतात. उपाय साधे आहेत: सामानाच्या कप्प्यात, तोलाच्या मर्यादेत राहून, वजन बांधून ठेवायचं, आणि चाकं टेकेपर्यंत थोडी पॉवर चालू ठेवायची. कबला हा त्रास नाही. तीन चाकांवर एकदम टेकलं की विषय संपला. पण त्याचं गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतं, म्हणून आडवा उतार किंवा बाजूचा वारा मिळाला की शेपूट पुढे पळू बघते. पायांनी रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, सतत जिवंत ठेवावं लागतं, विमान थांबेपर्यंत.

टेकल्यावर मधेच थांबू नये. पॉवर देत वरच्या टोकापर्यंत जावं आणि तिथे विमान उताराला आडवं उभं करून चाकांना ठोकळे लावावेत. आडवं लावलेल्या १८२ चा इंधनाचा नॉब ‘दोन्ही’वर राहिला, तर वरच्या पंखातलं इंधन खालच्या पंखात उतरतं आणि हवेच्या नळीतून गळत राहतं. नॉब एका बाजूला वळवून ठेवावा.

परत फिरण्याचा, म्हणजे गो-अराउंडचा प्रश्न मात्र दोघांसाठी गंभीर आहे. समुद्रसपाटीवर, फ्लॅप वर असताना कब मिनिटाला ९६० फूट चढतं, १८२ मिनिटाला ८९०. वेग धरला तर कबची चढाई सुमारे १४ टक्के, १८२ ची ११. उन्हात, ३,००० फुटांवर, फ्लॅप खाली असताना यातलं फार थोडं उरतं, आणि समोरची जमीनच चढत असेल तर १८२ तिच्यावरून निघेल याची खात्री देता येत नाही. म्हणून ‘इथून पुढे उतरायचंच’ असा बिंदू जमिनीवर असतानाच ठरवावा, आणि १८२ मध्ये परत फिरायचं झालं तर पॉवर देताच फ्लॅप २० अंशांवर आणावेत.

रोजच्या वापरात पारडं १८२ कडे झुकतं. वेग १३५-१४० नॉट, तेव्हा दोनशे मैलांवरच्या नातेवाइकांकडे जाऊन संध्याकाळी परत येता येतं. कब मोठ्या टायरवर तासाला ९०-९५ मैल जातं, आणि मागच्या माणसाला लांबच्या प्रवासात पाठ दुखायची सवय करावी लागते. कायद्याची अट दोघांनाही आहे: कबसाठी टेलव्हीलची आणि १८२ साठी २०० अश्वशक्तीवरच्या इंजिनाची नोंद लॉगबुकात प्रशिक्षकाकडून घ्यावी लागते.

मधला मार्ग म्हणून सेस्ना १७२ सुचवणारे भेटतील. १६० अश्वशक्तीचं १७२ या पट्टीवर १८२ पेक्षाही जास्त जागा मागतं आणि वाहतं कमी. ते इथे घेऊ नये. पट्टी १,५०० फुटांची असेल आणि तीच रोजची असेल, तर कब घ्यावं. कुटुंब सोबत हवंच असेल तर १८२ घ्यावं, पण दुपटीहून जास्त लांबीची पट्टी शोधून.

विमान बघायला जाल तेव्हा १८२ च्या इंजिनाचं कव्हर उघडून पुढच्या चाकाच्या जोडाभोवतीचा फायरवॉल टॉर्च तिरकी धरून बघा. पत्र्यावर लाटा, ताणलेले रिव्हेट किंवा नवा रंग दिसला की ते आपटलेलं आहे. कबमध्ये पंखांना आधार देणाऱ्या तिरक्या दांड्या, म्हणजे लिफ्ट स्ट्रट, आतून गंजतात. जुन्या, न सीलबंद केलेल्या स्ट्रटची दर दोन वर्षांनी तपासणी सक्तीची आहे. लॉगबुकात ती नोंद शोधा, आणि शेपटीकडच्या खालच्या नळ्यांवरचं कापड बोटाने दाबून खाली गंजाचे फोड लागतात का पाहा.